डनव्हंट पुन्हा जेवायला येतो

डनव्हंट गेल्याचं कळलं तेव्हा लीफ क्रॉसिंगच्या बायकांनी कुणी वारल्यावर करतात तेच केलं. ओव्हन तापवले. संध्याकाळपर्यंत टॅडलॉकांच्या पोर्चवर ओव्हनमध्ये भाजलेल्या कॅसरोलच्या डिशांची रांग लागली होती. कोंबडी-भाताची, चीज घातलेल्या शेंगांची, वर बटाट्याच्या वेफर्सचा चुरा टाकून भाजलेली ट्यूना माशाची. प्रत्येक डिशच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. दुःख आपल्या जागी, डिश आपल्या जागी.

घरची सून ट्वायला हिने दारात उभं राहून सगळ्या स्वीकारल्या. "अहो, कुणी गेलेलं नाही," असं ती पहिल्या दोघींना म्हणाली. तिसरीला म्हणाली नाही. शेजारच्या लर्लीन स्टोक्सने तिला घट्ट मिठी मारली आणि म्हटलं, "निदान त्याला त्रास तरी झाला नाही." ते मात्र खरं होतं. डनव्हंटला काडीचाही त्रास झाला नव्हता.

शनिवारी ओकोना स्टेट कॉलेजचा संघ, म्हणजे हिरवे बगळे, फाँटेन विद्यापीठाच्या जांभळ्या खेचरांकडून अमेरिकन फुटबॉलमध्ये सपाटून हरले, आणि रविवारी खेचरांनी बगळ्यांचा कोच डनव्हंटच उचलून नेला. खेळाडूंना त्याने मोबाइलवर मेसेज पाठवला. मेसेजच्या शेवटी हिरवं हृदय होतं. जांभळं त्याला अजून सापडलं नसावं.

जाताना त्याला सगळ्या गावाने पाहिलं. विमानं कुठून कुठे चाललीत हे हल्ली फोनवर दिसतं, आणि हंगाम संपला की मिसिसिपीतली धडधाकट, लग्न झालेली माणसं चर्चमधून येऊन कुठला कोच कुठे पळतोय हेच बघत बसतात. ओकोनाच्या धावपट्टीवरून एक छोटं खाजगी विमान उठलं तेव्हा ड्वाइट टॅडलॉक आपल्या वडिलांच्या, हॉइटच्या, आरामखुर्चीच्या हातावर बसून त्या ठिपक्याकडे बघत होता.

"मेम्फिसला चालला असेल," ड्वाइट म्हणाला. "कुणी पाहुणेबिहुणे असतील."

मग ठिपका डावीकडे वळला. डावीकडे फाँटेनशिवाय काही नाही. हॉइट टॅडलॉकांनी तो वळताना पाहिला आणि रागाने टीव्ही बंद करायचं बटण दाबलं. टीव्ही आधीच बंद होता, त्यामुळे तो सुरू झाला, आणि त्यावर डनव्हंट होता.

गावाचं दुःख सार्वजनिक होतं, पण डिशा टॅडलॉकांकडेच आल्या, कारण घाव खरा या घरावर बसला होता. तीन पिढ्या या घराने ओकोना स्टेटसाठी घसे फोडले, अंगाला हिरवा रंग फासला, एका काकांना हिरव्या पेटीत पुरलं. पण मैदानावर पाय ठेवणारा एकही टॅडलॉक झाला नव्हता. तो आता ड्वाइट-ट्वायलाच्या शाळकरी मुलाच्या, ब्रँटलीच्या रूपाने होणार होता. ब्रँटली होता लाँग स्नॅपर. म्हणजे डोकं खाली, पार्श्वभाग वर, आणि दोन पायांमधून बॉल गोळीसारखा मागे, लांब उभ्या राहिलेल्या किक मारणाऱ्याच्या हातात. तीन पिढ्यांनंतर घरातला पहिला माणूस टीव्हीवर दिसणार होता, आणि तो पाठमोरा दिसणार होता. हॉइटना त्याचं काही वाटत नव्हतं. पाठही टॅडलॉकांचीच होती.

शरद ऋतूत डनव्हंट स्वतः या घरी येऊन गेला होता. मोठे कोच होतकरू पोराला आपल्या कॉलेजात ओढायला असे घरोघरी जातात, आईच्या हातचं खातात, वडिलांच्या बंदुकांचं कौतुक करतात. डनव्हंटने ट्वायलाचे दोन्ही हात हातात घेतले होते. ब्रँटलीला शिष्यवृत्ती देऊ केली होती. आणि हॉइटनी गळ घातली म्हणून पोर्चवरच्या डीप फ्रीझरच्या पांढऱ्या झाकणावर, न पुसल्या जाणाऱ्या पेनने, लिहून सही केली होती: 'मी कुठेही जात नाही. रेक्स डनव्हंट.'

फ्रीझर अजून तिथेच होता.

*

मंगळवारी ओकोनाहून कुणा मदतनीस कोचचा फोन आला की नवा माणूस येईपर्यंत ते सगळ्याच पोरांचा 'नव्याने विचार' करताहेत. गुरुवारी दुसरा फोन आला. तो ट्वायलाने घेतला.

"डनव्हंट," ती म्हणाली. "रविवारी दुपारी येतोय. ब्रँटली त्याला आता फाँटेनसाठी हवाय."

जेवणाच्या टेबलाभोवती सगळे होते. ट्वायला, ड्वाइट, हॉइट, हॉइटची थोरली बहीण मेडेल, आणि ब्रँटली, जो तीन माणसांचं जेवून चौथ्याच्या ताटाकडे बघत होता.

"तू 'नको' म्हणालीस ना?" हॉइट म्हणाले.

"पप्पा, तो म्हणाला, 'मॅम, रविवारी दुपारी आलो तर चालेल का?' आणि मी म्हणाले, 'जेवूनच जा.'"

"का?"

"तोंडातून निघून गेलं. आईने मला तसंच वाढवलंय. उद्या चोराने फोन करून रविवारी येतो म्हटलं, तरी मी जेवूनच जा म्हणेन."

"चोर परवडला. चोर निदान सही करून जात नाही."

"माझे हात धरले होते त्याने," ट्वायला म्हणाली. तिने ते दोन्ही हात टेबलावर ठेवले. "म्हणाला, तुमचं लेकरू मी माझ्या लेकरासारखं सांभाळीन."

"त्याची लेकरं कुठे असतात?" मेडेलनी विचारलं.

"आधीच्या नोकऱ्यांच्या गावांत," ड्वाइट म्हणाला. "प्रत्येक गावात एक."

"म्हणजे खोटं नाही बोलला."

हॉइटनी काटा खाली ठेवला. शनिवारच्या सामन्याबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता, तो त्यांनी चार दिवस न्हाव्याला, टपालवाल्याला आणि पाद्र्याला ऐकवला होता, पण टेबलावर तो अजून निघाला नव्हता. "तो मुद्दाम हरला," ते म्हणाले. "शेवटच्या मिनिटांत आपल्याच गोलापाशी बॉल अडकलेला. शेंबडं पोरसुद्धा सांगेल, लाथ मार आणि मोकळा हो. हा काय करतो? पुढे पळायला सांगतो. कुणासाठी? सोमवारी ज्यांच्याकडे कामावर हजर व्हायचंय त्यांच्यासाठी. मुलाखत होती ती. सत्तर हजार लोकांसमोर दिलेली."

"पप्पा, तो वर्षभर तसाच खेळवत होता," ड्वाइट म्हणाला.

"मग वर्षभर मुलाखत देत होता."

ड्वाइटला वेगळीच काळजी होती. त्याचा धंदा एसी आणि गिझर दुरुस्तीचा. त्याच्या दोन्ही व्हॅन बगळ्यांच्या हिरव्या रंगाच्या होत्या आणि व्हॅनवरचा बगळा हातात पाना धरून होता. "समजा हा फाँटेनला गेला," तो हळूच म्हणाला, "तर जुलैत या गावात माझ्याकडे कोण येईल? उकडून मरतील, पण खेचराच्या बापाला फोन करणार नाहीत."

"कुणी जात नाही फाँटेनला," हॉइट म्हणाले. "या घरात जांभळं आलेलं नाही, येणारही नाही."

"माझा ऑर्विल यायचा," मेडेल म्हणाल्या. त्यांचे यजमान फाँटेनचे होते आणि जांभळ्या टायमध्ये पुरले गेले होते.

"ऑर्विल पोर्चवर बसायचा."

"जन्मभर?"

"त्याला वारा आवडायचा, ताई."

मेडेलनी यावर फक्त लोण्याची वाटी स्वतःकडे ओढली. भाऊ आपल्या नवऱ्याशी जन्मभर फक्त हवामानावर बोलला, हे त्यांना माहीत होतं. शेवटी शेवटी तर ऑर्विलला खरोखरच ढगांची आवड लागली होती.

ब्रँटलीला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याला त्याची सवय होती. त्याच्या खेळातही बॉल हातातून सुटेपर्यंतच त्याला किंमत असे. त्याला एवढंच ठाऊक होतं की बुधवारी पोरांनी कॉलेजांशी करार करायचा, सह्यांचा दिवस आहे, आणि बुधवार उलटला की बाकीची सगळी दारं बंद. कारण कॉलेजं स्नॅपर घेतात ती माणसं गिझर घेतात तशी. जुना बिघडल्याशिवाय नवा नाही. ओकोना गप्प होतं. बाकीच्यांचे गिझर चालू होते. उरलं फाँटेन, नाहीतर वडिलांबरोबर लोकांच्या घरांच्या लाकडी जमिनीखाली पोटावर सरपटत नळ शोधणं. त्याने ते दोन उन्हाळे केलं होतं. तिथे साप असतात, आणि त्यांना आपण आलेलं आवडत नाही.

"मला खेळायचंय," तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, बोलणाऱ्या फर्निचरकडे बघावं तसं.

"खेळशील रे," हॉइट म्हणाले. "पण स्वाभिमानाने."

"कुठे, आजोबा?"

हॉइटनी आणखी थोडे बटाटे घेतले.

*

शनिवारी सकाळी ट्वायला पोर्चवर गेली तेव्हा सासरे फ्रीझरपाशी गुडघ्यावर बसले होते. हातात टर्पेंटाइनचा बोळा. डनव्हंटचं नाव जसंच्या तसं होतं, आजूबाजूचा पांढरा रंग मात्र निघाला होता, त्यामुळे सही आता आणखीनच उठून दिसत होती.

"पप्पा, उठा. गुडघे धरतील."

"धरलेच आहेत. उठता येत नाही म्हणून घासतोय."

तिने त्यांना काखेत हात घालून उठवलं. मग दोघं तिथेच उभी राहिली. सासरा आणि सून यांचं तिच्या लग्नातल्या बटाट्याच्या सॅलडपासून कधीच पटलं नव्हतं. तिच्या आईने त्यात साखर घातली होती आणि हॉइटनी पंगतीत उठून ते सांगितलं होतं.

"उद्या त्याला काय घालणार आहेस?" हॉइटनी विचारलं. "मागच्यासारखा रोस्ट? तुझा तो पिकनच्या दाण्यांचा गोड पाय?"

"जीव होत नाही माझा."

"मग?"

ट्वायलाने फ्रीझरचं झाकण उचलून आत पाहिलं. आत लर्लीनची डिश होती, तिच्याखाली अग्निशमन दलाच्या प्रमुखाच्या बायकोची, तिच्याखाली पाद्रीणबाईंची, आणि अशी खाली तळापर्यंत सगळ्या गावाची. तिने वरची डिश उचलून बुडाचं नाव वाचलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हॉइटनी सुनेच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं लगेच, कारण दाढी करताना ते रोज त्यांना आरशात दिसायचं.

"त्याच्या मयताचं जेवण आहे ना हे," ती म्हणाली. "त्यालाच घालू. सगळं."

"पाहुण्याने नको म्हणायचं नसतं," हॉइट सावकाश म्हणाले.

"आणि यजमानाने थांबायचं नसतं."

हॉइटनी टर्पेंटाइनचा बोळा खिशात घातला. "तुझ्या आईचं ते सॅलड," ते म्हणाले, "इतकंही वाईट नव्हतं."

*

तो आला. जांभळा शर्ट, जांभळे बूट, आणि जांभळी नसलेली एकच गोष्ट, दात. ड्वाइटने मनात ठरवलं होतं की हस्तांदोलन करायचं नाही. पण डनव्हंटने हात पुढे केलाच नाही, सरळ मिठी मारली. मिठी मारायची नाही असं कुणीच ठरवलं नव्हतं. त्याने हॉइटनाही मारली. हॉइट कपडे वाळत घालायच्या खांबासारखे उभे राहिले आणि संपायची वाट पाहिली.

"काय वास सुटलाय, मॅम," डनव्हंट म्हणाला. "मला तर घरी आल्यासारखं वाटतंय."

"कुठल्या?" मेडेलनी विचारलं.

तो मनापासून हसला आणि मागच्या वेळच्याच खुर्चीत बसला. हॉइटनी मान खाली घालून प्रार्थना म्हटली.

"हे प्रभू, या अन्नाला आणि ज्या हातांनी ते केलं त्या हातांना आशीर्वाद दे. आले त्यांना आशीर्वाद दे, गेले त्यांनाही दे. आणि जे येऊन, जाऊन, परत आलेत त्यांचं काय करायचं ते तुझं तू बघ. आमेन."

"आमेन," डनव्हंट सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

ट्वायलाने पहिली डिश उचलली. "ही लर्लीन स्टोक्सची, कोंबडी-भाताची. तुम्ही गेलात तेव्हा केली बिचारीने. रडत रडत केली, त्यामुळे मीठ थोडं पुढे आहे."

"अरे वा," डनव्हंट म्हणाला, आणि खाल्लं.

"ही शेंगांची. अग्निशमनवाल्या प्रमुखांच्या बायकोची. त्यांनी धाकट्याचं नाव रेक्स ठेवलंय. आता त्याला घरात नुसतं 'ए' म्हणतात."

डनव्हंटने शेंगा खाल्ल्या.

"ही ट्यूना. पाद्रीणबाईंनी दिली. त्यांनी तुमच्याबद्दल देवाला काय सांगितलं ते मला इथे बोलता येणार नाही."

त्याने ट्यूनाही खाल्ली, आणि वर म्हणाला, "वेफर्स घालायची कल्पना मस्तच."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ड्वाइटला हळूहळू वेगळंच वाटायला लागलं होतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पप्पा वाढा म्हणत होते, ट्वायला वाढत होती, जन्मात न पटलेली ती दोघं जुन्या जोडीदारांसारखी खेळत होती. पण हा माणूस खात होता. कुरकुर नाही, पाण्यासाठी थांबणं नाही. वीस वर्षं लोकांच्या दिवाणखान्यांत बसून त्याने खारीचा रस्सा खाल्ला असणार, मगर खाल्ली असणार, नवशिक्या सुनांचे केक खाल्ले असणार, आणि प्रत्येकीला 'मॅम' म्हटलं असणार. ड्वाइटने अशी मेहनत फक्त एकदा पाहिली होती, एका माणसाने गिझर एकट्याने दुसऱ्या मजल्यावर नेला तेव्हा. डनव्हंटच्या कपाळावर घाम आला. कानाजवळ एक शीर उडायला लागली. आणि ट्वायलाने आणखी एक डिश उघडली तेव्हा ड्वाइटच्या हाताने, ड्वाइटला न विचारता, लोणच्याची बरणी त्याच्यापुढे सरकवली.

"ड्वाइट," ट्वायला म्हणाली.

"आंबट असलं की जातं खाली," ड्वाइट पुटपुटला.

"धन्यवाद, दादा," डनव्हंट म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

हॉइटनी मुलाकडे असं पाहिलं की जणू ठिपका पुन्हा डावीकडे वळला होता. मग ते पाहुण्याकडे वळले. "कोच, एक विचारू? का गेलात?"

"हॉइट सर, माझ्या कुटुंबासाठी तो योग्य निर्णय होता."

"कुठल्या कुटुंबासाठी?" मेडेल.

"मी मनापासून सांगतो, मॅम. या टेबलावर बसून मी जे बोललो त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तेव्हा."

"आणि फ्रीझर?" हॉइट म्हणाले.

"तोही. तेव्हा."

ब्रँटली इतका वेळ त्याच्याकडे बघत होता. याला खोटं बोलताच येत नाही, असं त्याच्या लक्षात आलं. तो जे बोलतो ते खरंच असतं, फक्त लवकर नासतं. दुधासारखं. दुधावर कुणी रागावत नाही, तारीख बघतात.

"सर," ब्रँटली म्हणाला, "जरा अंगणात येता? एक स्नॅप टाकून दाखवतो."

डनव्हंट इतक्या चपळाईने उठला की खुर्ची मागे पडली. "बेटा," तो म्हणाला, "याच्याइतकं चांगलं मला आज कुणीच काही बोललेलं नाही."

*

अंगणात पिकनच्या झाडाखाली एक घडीची खुर्ची कायम असायची. ब्रँटली लहान होता तेव्हापासून रोज संध्याकाळी हॉइट त्या खुर्चीत बसायचे आणि हात छातीपुढे धरायचे. सुरुवातीला बॉल झाडावर जायचा, व्हॅनवर जायचा, एकदा लर्लीनच्या स्वयंपाकघरात गेला. पण मागचा माणूस कधी हलला नाही. हॉइट म्हणायचे, ही स्नॅपर घडवायची पद्धत आहे. खरं कारण गुडघे होतं.

"तुम्ही इथे उभे राहा, सर," ब्रँटली म्हणाला. "खुर्चीच्या जरा पुढे. फक्त उभं राहायचं. बाकी मी बघतो."

"एवढं तर मला जमेल," डनव्हंट म्हणाला.

हॉइट सवयीने आपल्या खुर्चीत जाऊन बसले. बाकीचे पोर्चच्या पायऱ्यांवर उभे राहिले. मेडेलच्या हातात लर्लीनची अर्धी उरलेली डिश होती.

ब्रँटली वाकला, आणि जग नेहमीसारखं उलटं झालं. त्याला माणसं अशीच जास्त कळायची. वर गवत, खाली आभाळ, आणि आभाळात सगळं घर लटकलेलं. आईचे पाय एकमेकांवर घट्ट होते, म्हणजे ती अजून चिडलेली होती. पप्पांचे पाय जिन्याच्या दोन पायऱ्यांवर एकेक होते, म्हणजे त्यांचं काही ठरत नव्हतं. मेडेल आजीचा एक बूट ताल धरत होता. मधोमध जांभळे बूट, अगदी स्थिर. त्यांच्या मागे खुर्चीचे चार पाय आणि आजोबांच्या जाड तळव्यांच्या चपला.

त्याने बॉल घट्ट धरला. श्वास सोडला. आणि बॉल सुटता सुटता त्याला कुठेतरी फोन थरथरल्याचं ऐकू आलं, आणि जांभळे बूट एक पाऊल बाजूला सरकलेले दिसले.

बॉल सरळ गेला. अगदी सरळ, जिथे छाती असायला हवी होती त्या जागेतून, आणि मागे बसलेल्या हॉइटच्या हातांत धप्प करून बसला.

मेडेलच्या बुटाचा ताल थांबला.

"माफ कर, बेटा," डनव्हंट फोन खिशात टाकत म्हणाला. "जरा महत्त्वाचा होता. टाक पुन्हा."

"नको, सर," ब्रँटली सरळ उभा राहत म्हणाला. "झालं काम." त्याने हाताची माती पँटला पुसली. "शिष्यवृत्ती कॉलेज देतं ना, सर? तुम्ही नाही?"

"कॉलेज देतं."

"चार वर्षांची?"

"चार वर्षांची."

"मग मी येतो फाँटेनला."

पायऱ्यांवर ट्वायला मटकन खाली बसली. हॉइट खुर्चीत होते म्हणून त्यांना बसायची सोय नव्हती.

"डोकं फिरलंय का तुझं?" ते म्हणाले. बॉल अजून त्यांच्या छातीशी होता. "आत्ता बघितलंस ना? एक बॉल येईपर्यंत हा माणूस जागेवर राहिला नाही. त्याच्या भरवशावर चार वर्षं काढणार?"

"त्यांच्या भरवशावर कुठे, आजोबा? फाँटेनचा जुना स्नॅपर अजून वर्षभर आहे. मी पहिलं वर्ष बाकावरच बसणार. माझी पाळी येईल पुढच्या वर्षी." तो डनव्हंटकडे वळला. तो मिसिसिपीत वाढलेला मुलगा होता आणि मोठ्या माणसांशी आदराने बोलायची त्याला सवय होती. "तोवर तुम्ही तिथे थोडेच असणार आहात, सर? वाईट अर्थाने नाही म्हणत."

डनव्हंटने तोंड उघडलं. मग खिशातल्या फोनवर हात ठेवला. त्या दुपारी पहिल्यांदाच तो बोलण्याआधी विचार करताना दिसला.

"नाही," तो म्हणाला. "तसं बघायला गेलं तर, नाही."

"मग ठरलं."

मेडेल हसायला लागल्या. आवाज न करता, नुसते खांदे हलवत, डिश सांभाळत. मग ड्वाइटला हसू फुटलं, आणि त्याने ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला. ट्वायलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, त्यामुळे ती हसतेय की रडतेय ते ड्वाइटला कळेना, आणि बहुधा तिलाही कळत नव्हतं.

"मी एक सांगून ठेवतो," हॉइट खुर्चीतून म्हणाले, सगळ्यांना आणि कुणालाच नाही. "हा माणूस तिथे आहे तोवर माझ्या डोक्यावर जांभळं चढणार नाही."

"कबूल," मेडेल इतक्या पटकन म्हणाल्या की हॉइटना लगेच शंका आली.

डनव्हंट गाडीत बसत होता तेव्हा मेडेलनी लर्लीनची डिश त्याच्या मांडीवर ठेवली. "उरलेलं घेऊन जा. आणि ही तिची डिश आहे, बुडाला नाव आहे बघा. आमच्याकडे डिश धुऊन, आपल्या हाताने परत करायची असते. आणि रिकामी नाही द्यायची."

"नक्की आणून देतो, मॅम," डनव्हंट म्हणाला. "माझा शब्द."

सगळ्यांनी पोर्चवरच्या फ्रीझरकडे पाहिलं.

*

बुधवारी सही झाली. ड्वाइटच्या दोन गिऱ्हाइकांनी त्याला सांगितलं की त्यांचे एसी बंद पडले तरी आता ते खिडक्या उघडतील. ड्वाइटने बरं म्हटलं. जुलै लांब होता आणि जुलैवर त्याचा विश्वास होता.

फेब्रुवारीत, अंगणात अझेलियाच्या झुडपांना कळ्या धरत असताना, ड्वाइट दुपारी घरी आला तो फोन पुढे धरूनच. सगळे भोवती जमले. फाँटेनच्या धावपट्टीवरून एक छोटा ठिपका उठला होता.

"पाहुणेबिहुणे असतील," ट्वायला म्हणाली.

ठिपका पश्चिमेला वळला. नदी ओलांडली. लुइझियाना ओलांडायला लागला.

"टेक्सास," ड्वाइट म्हणाला.

हॉइटनी फोन जवळ ओढून ठिपका पाहिला. त्यांना वाटलं होतं तितका आनंद त्यांना होईना, आणि का होईना तेही कळेना. ते कळलं ते मेडेल आतून एक टोपीचा खोका घेऊन आल्या तेव्हा. आत ऑर्विलची टोपी होती. जांभळी, कडा विरलेली, पुढे खेचराचं चित्र.

"ताई, मी ते रागात बोललो होतो."

"सगळ्यांनी ऐकलं."

"अजून टीव्हीवर कुठे आलंय?"

ब्रँटलीने जाऊन टीव्ही लावला. टीव्हीवर आलं होतं.

हॉइटनी टोपी हातात घेतली, उलटी केली, आत पाहिली. ऑर्विलने कधीकाळी घामाचा पट्टा स्वतःच्या हाताने शिवून घेतला होता, वेडेवाकडे टाके घालून. ते पोर्चवर बसून शिवले असावेत. मग त्यांनी ती डोक्यावर चढवली.

"घट्ट होतेय."

"तू त्याला नेहमी म्हणायचास ना, डोकं लहान आहे म्हणून."

"ताई," हॉइट टोपीची कड खाली ओढत म्हणाले, "त्याला खरंच वारा आवडायचा का?"

"नाही," मेडेल म्हणाल्या. "पण तुला वाटतंय तितका नावडतही नव्हता."

संध्याकाळी ते टोपीसकट अंगणात आले आणि पिकनखाली आपल्या खुर्चीत बसले. कुंपणापलीकडे लर्लीन स्टोक्स दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिने टोपीकडे पाहिलं. हातातली चादर दोरीवरच सोडली. सबंध लीफ क्रॉसिंग तिच्या तोंडून काय बोलणार ते ऐकायला ड्वाइट व्हॅनच्या आड उभा राहिला.

"हॉइट," लर्लीन म्हणाली, "माझी डिश आली का?"

"विमानात आहे," हॉइट म्हणाले, आणि हात छातीपुढे धरून ब्रँटलीला म्हणाले, "टाक."